चेल्टनहॅमला पहिल्यांदा घोड्यांची रेस बघायला जाताय? मग असं जा

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांनी चेल्टनहॅमचं नाव मार्च महिन्यात ऑफिसमध्ये ऐकलेलं असतं, त्या आठवड्यात दुपारी अर्धं ऑफिस फोनमध्ये डोकं घालून बसलेलं असतं, कोणीतरी स्वीपस्टेकसाठी दोन-दोन पौंड गोळा करत फिरतं, पण स्वतः तिथे जायचं म्हटलं की लोक बिचकतात. कपडे काय घालायचे, पैसे लावावेच लागतात का, मुलं चालतात का, आपल्याला त्यातलं काही कळेल का. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. आणि माझा आग्रह आधीच सांगून टाकतो: चेल्टनहॅमला घोडे बघायला जा. ऑड्स (पैसे लावायचे भाव), गिनेस बिअर, टोप्या, फोटो हे सगळं तिथे भरपूर आहे आणि त्यातही मजा आहे, पण जो माणूस दिवसभर घोड्यांच्या मागे फिरतो त्याला त्या जागेचं खरं रूप दिसतं, आणि त्यासाठी एक पौंडही लावावा लागत नाही.

आधी हे नक्की काय आहे ते

मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या कॅम्पातल्या रेसकोर्सवर गेला असाल तर तिथल्या रेस सपाट गवतावरच्या असतात, घोडे बहुतेक तीन ते पाच वर्षांचे, अंतर हजार मीटरपासून पुढे, इंडियन डर्बी २४०० मीटरची. चेल्टनहॅम हे उड्यांच्या रेसचं गाव. इथे घोडे बहुतेक पाच-सहा वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतचे, जास्त दमाचे, आणि गोल्ड कप ही मुख्य रेस सव्वातीन मैलांपेक्षा थोडी जास्त, म्हणजे साधारण ५.३ किलोमीटर, आणि वाटेत २२ फेन्स. शेवटी चढ. तो चढ टीव्हीवर अजिबात कळत नाही, तिथे उभं राहिल्यावरच कळतो.

अडथळे दोन प्रकारचे असतात. हर्डल म्हणजे कमीत कमी साडेतीन फुटांची हलकी लाकडी चौकट, घोड्याचा पाय लागला तर ती पडते किंवा झुकते, त्यामुळे तिथे घोडे वेग फारसा कमी करत नाहीत. फेन्स म्हणजे कमीत कमी साडेचार फुटांची, बर्चच्या काटक्या घट्ट ठासून भरलेली भिंतच, ती हलत नाही, तिच्यावरून नीट उडी मारावीच लागते. हर्डलवाल्या रेसला हर्डल रेस आणि फेन्सवाल्या रेसला स्टीपलचेस किंवा नुसतं चेस म्हणतात. शिवाय कधीकधी दिवसाच्या शेवटी बंपर असते, त्यात अडथळेच नसतात, तरुण घोड्यांना रेसची सवय व्हावी म्हणून ती ठेवलेली असते. एवढं माहीत असलं तरी रेसकार्ड वाचता येतं.

कोर्सचं खरं नाव प्रेस्टबरी पार्क, ग्लॉस्टरशरमध्ये क्लीव्ह हिलच्या पायथ्याशी. क्लीव्ह हिल ही कॉट्सवोल्ड्समधली सगळ्यात उंच जागा, ३३० मीटर, आणि स्टँडमधून समोर बघितलं की पूर्ण ट्रॅकच्या मागे ती पसरलेली दिसते. आपल्याकडून सह्याद्री बघून आलेल्या माणसाला ३३० मीटर म्हणजे काहीच नाही, पण रेसकोर्सच्या मागे असा डोंगर दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. १८१९ मध्ये तिथेच वर डोंगरावर पहिला गोल्ड कप झाला, तेव्हा उड्या नव्हत्या, सपाट रेस होती. मग गावातल्या एका धर्मोपदेशकाने रेसमुळे येणाऱ्या जुगार आणि दारूविरुद्ध जोरदार प्रवचनं दिली, वातावरण इतकं तापलं की १८३० मध्ये स्टँड जाळलं गेलं, आणि मग रेस खाली प्रेस्टबरी पार्कवर आल्या. आज आपण जो उड्यांचा गोल्ड कप ओळखतो तो १९२४ पासूनचा.

दिवस कुठला निवडायचा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. चेल्टनहॅम म्हणजे मार्चचं फेस्टिवल एवढंच डोक्यात असतं आणि पहिल्याच वेळी तिकडे धडकतात. फेस्टिवल चार दिवसांचं, मंगळवार ते शुक्रवार, रोज सात अशा एकूण २८ रेस. मंगळवारी चॅम्पियन हर्डल, बुधवारी क्वीन मदर चॅम्पियन चेस, गुरुवारी स्टेअर्स हर्डल, शुक्रवारी गोल्ड कप. २००४ पर्यंत ते तीनच दिवसांचं होतं, २००५ मध्ये चौथा दिवस आला. गर्दी किती, तर २०२२ मध्ये चार दिवसांत मिळून २,८०,६२७ लोक आले होते, तो विक्रम आहे, आणि त्यानंतर रेसकोर्सने स्वतःहूनच रोजची मर्यादा कमी केली कारण लोकांना धड चालता येत नव्हतं. मर्यादा कमी करूनसुद्धा रोज साठ हजारांच्या पुढे माणसं येऊ शकतात. एवढ्या गर्दीत नवख्या माणसाला पॅडॉकपर्यंत (रेसआधी घोडे लोकांसमोर फिरवतात ती जागा) जाऊन परत रेलिंगपाशी येईपर्यंत रेस सुटलेली असते.

म्हणून पहिल्यांदा साध्या दिवशी जा, मनापासून सांगतो. सीझन ऑक्टोबरच्या शोकेस नावाच्या मीटिंगने सुरू होतो (रेसच्या एक किंवा लागोपाठच्या दिवसांना मीटिंग म्हणतात), नोव्हेंबरमध्ये तीन दिवसांचं मोठं मीटिंग असतं, डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या आधी दोन दिवस, एक जानेवारीला न्यू इयर्स डे, जानेवारीच्या शेवटी ट्रायल्स डे, मार्चचं फेस्टिवल, आणि एप्रिलमध्ये छोटं मीटिंग. ट्रॅक तोच, चढ तोच, घोडे कितीतरी वेळा तेच, आणि तुम्हाला पॅडॉकच्या कठड्याला हात टेकवून उभं राहता येतं. मुलं असतील तर एक जानेवारी उत्तम, घराघरातून लोक येतात, वातावरण जत्रेसारखं असतं, फक्त थंडीची तयारी हवी. रेस कळायला लागली असेल तर ट्रायल्स डे, कारण मार्चमध्ये कोण पळणार त्याची चाचणी त्या दिवशी होते आणि ट्रेनर लोकांचे चेहरे वाचायला मिळतात. एप्रिलमध्ये हवा बरी असते, गवत हिरवंगार.

आणि एक, हे लिव्हरपूलच्या ग्रँड नॅशनलशी मिसळू नका. ती ऐनट्री नावाच्या रेसकोर्सवर, एप्रिलमध्ये, ३० फेन्सची वेगळीच रेस आहे. दोन्ही उड्यांच्या, पण जागा वेगळ्या आणि स्वभावही वेगळा.

तिकीट आणि एन्क्लोजर

तिकीट ऑनलाइन आधीच काढा, रेसकोर्सच्याच साइटवरून, गेटवर काढायच्या भरवशावर जाऊ नका आणि रस्त्यावर तिकीट विकणाऱ्यांकडून तर मुळीच घेऊ नका. साध्या दिवसाचं आणि फेस्टिवलच्या दिवसाचं तिकीट यात खूपच फरक असतो. अठराखालच्या मुलांचे नियम मीटिंगप्रमाणे बदलतात, ते बुक करतानाच वाचून घ्या.

एन्क्लोजर म्हणजे प्रेक्षकांचे विभाग, मुख्यतः क्लब आणि टॅटरसॉल्स. क्लब महाग, त्यात बसायच्या जागा जास्त, आणि २०१५ मध्ये उघडलेलं प्रिन्सेस रॉयल स्टँड त्याच बाजूला. टॅटरसॉल्स त्याच्या शेजारी, बुकी लोकांची मुख्य गर्दी तिथे, पॅडॉकही बघता येतो, रेलिंगही मिळतं. पहिल्या वेळी टॅटरसॉल्स पुरे. फेस्टिवलला तिसरं बेस्ट मेट एन्क्लोजर असतं, ट्रॅकच्या आतल्या बाजूला, स्टँडच्या समोर, सगळ्यात स्वस्त, शेवटचा फेन्स अगदी जवळून दिसतो, पण त्या तिकिटावर मुख्य पॅडॉकला जाता येत नाही. मी वर म्हटलं तसं घोडे बघायला जायचं असेल तर थोडे पैसे वाचवायला ते घेऊ नका.

जायचं कसं

लंडनहून पॅडिंग्टनवरून ट्रेन, साधारण दोन तास, काही थेट आणि काही स्विंडनला बदलून. ब्रिस्टल आणि बर्मिंगहॅम दोन्हीकडून पाऊण तासाच्या आसपास. स्विंडनला आपले बरेच मराठी आणि गोव्याचे लोक आहेत, त्यांना तर तासाभराचा प्रवास, आणि स्ट्राउडच्या दरीतून जाणारा तो रूट इतका सुंदर आहे की फोन खिशात ठेवून खिडकीपाशी बसा. स्टेशनचं नाव चेल्टनहॅम स्पा. स्टेशन रेसकोर्सपासून लांब आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे रेसच्या दिवशी स्टेशनवरून आणि गावातून शटल बस असतात त्या पकडा. गावातल्या सेंटरपासून चालत गेलं तर अर्धा तास लागतो, वाट सोपी आहे, लोकांच्या मागे मागे चालत राहिलं तरी पोचता.

स्टीम इंजिनची आवड असेल तर आणखी एक रस्ता आहे. ब्रॉडवेहून विंचकूममार्गे येणारी जुनी वारसा रेल्वे, तिचं शेवटचं स्टेशन म्हणजे चेल्टनहॅम रेसकोर्स, अगदी कोर्सला लागून. ती रोज धावत नाही, तारखा जुळतात का ते आधी बघा, जुळल्या तर मुलं दिवसभर खूश.

गाडीने गेलात तर पार्किंगचं आधीच बघून ठेवा, फेस्टिवलला ते बुक करूनच जावं लागतं. आणि फेस्टिवलच्या आठवड्यात चेल्टनहॅममध्ये राहायचा विचार असेल तर हॉटेलचे भाव बघून डोळे फिरतील, त्यापेक्षा बर्मिंगहॅम किंवा ब्रिस्टलला राहून ट्रेनने या.

कपडे

सूट आणि टायच हवा असं काही नाही. जॉकी क्लबने २०२३ मध्ये आपल्या सगळ्या रेसकोर्सवरची कपड्यांची औपचारिक सक्ती काढून टाकली आणि चेल्टनहॅम त्यांचंच आहे. लोक हौसेने ट्वीड घालतात, डोक्यावर चपटी टोपी, पण तुमच्याकडे नसेल तर विकत आणायची गरज नाही. थंडीवारा मात्र गंभीरपणे घ्या. डोंगराच्या पायथ्याशी मोकळी जागा, वारा सरळ अंगावर, पाऊस कधीही. आतून थर्मल, वरून वॉटरप्रूफ कोट, आणि पायात असे बूट की दिवसभर ओल्या गवतावर उभं राहता येईल. टाचांचे सँडल गवतात रुततात. साडी नेसून जायची इच्छा असेल तर खुशाल जा, सुंदर दिसेल, फक्त आत लेगिंग्ज आणि पायात बूट.

पोचल्यावर पहिला तास

गेट पहिल्या रेसच्या दोनेक तास आधी उघडतात. तेव्हाच आत शिरा. बॅगा तपासतात, बाहेरची दारू चालत नाही.

आत गेल्यावर रेसकार्ड विकत घ्या, मग लगेच स्टँडवर न जाता एक फेरी मारा. पुतळे शोधा. आर्कल, गोल्डन मिलर, डॉन रन, बेस्ट मेट. हे चार घोडे कळले की या जागेचा अर्धा इतिहास कळतो. गोल्डन मिलरने १९३२ ते १९३६ सलग पाच वर्षं गोल्ड कप जिंकला, तसं पुन्हा कोणाला जमलं नाही. आर्कल आयर्लंडचा, १९६४, ६५, ६६ असे तीन, आणि तो इतका वरचढ होता की इतर रेसमध्ये त्याच्या पाठीवर किती वजन टाकलं तर बाकीच्यांना संधी मिळेल याचेच नियम बदलावे लागले. डॉन रन ही घोडी, चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप दोन्ही जिंकणारी आजवरची एकमेव, गोल्ड कप १९८६ चा. बेस्ट मेटने २००२ ते २००४ सलग तीन जिंकले आणि त्याची रक्षा विनिंग पोस्टजवळच पुरलेली आहे. घोड्याला असा मान देणारी ही जागा आहे, म्हणून मला ती आवडते.

मग ट्रॅककडे जा आणि तो नीट बघून घ्या. घोडे डावीकडे वळत पळतात, महालक्ष्मीच्या उलट. ट्रॅक दोन आहेत, ओल्ड कोर्स आणि न्यू कोर्स, फेस्टिवलचे पहिले दोन दिवस ओल्डवर आणि पुढचे दोन न्यूवर, शिवाय आतल्या भागात क्रॉस कंट्रीचा वेगळा वेडावाकडा मार्ग आहे ज्यात झुडपं, बांध, चर असं सगळं येतं. पलीकडच्या बाजूला वर चढ, मग टेकाडावरून खाली उतार, त्या उतारावरचा फेन्स नीट लक्षात ठेवा. वेगात खाली येणारा अर्धा टन वजनाचा घोडा उतारावर उडी मारून समोर खाली जमिनीवर उतरतो, कितीतरी रेस तिथे हरल्या गेल्यात. आणि मग वळण घेऊन शेवटच्या फेन्सनंतर तो चढ. शेवटच्या फेन्सला पुढे असलेला घोडा जिंकला असं इथे कधीच म्हणू नका.

रेसकार्ड कसं वाचायचं

घोड्याच्या नावापुढे आकड्यांची ओळ असते, मागच्या रेसमधले नंबर, सगळ्यात उजवीकडचा आकडा सगळ्यात ताजा. अक्षरं दिसली तर एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी पडला, पी म्हणजे जॉकीने रेस मध्येच सोडून दिली. मग वय, वजन, ट्रेनर, जॉकी, आणि मालकाच्या रंगांचा छोटा चित्रातला शर्ट. तो शर्ट लक्षात ठेवा, लांबून घोडा ओळखायला नंबर कामाला येत नाही, रंगच येतो. वजन स्टोन आणि पौंडात असतं, एक स्टोन म्हणजे साडेसहा किलोला थोडं कमी. हँडिकॅप रेस असेल तर चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कमकुवतावर कमी, म्हणून तिथे अंदाज लावणं अवघड. गोल्ड कपमध्ये तसं नाही, सगळे जवळपास सारख्याच वजनावर, घोडींना थोडी सूट.

कार्डाशिवाय एक गोष्ट विचारा किंवा बोर्डावर बघा, ती म्हणजे गोइंग, जमीन किती ओली आहे ते. हेवी, सॉफ्ट, गुड टू सॉफ्ट, गुड. चिखलात पळणारे घोडे वेगळे आणि कोरड्या जमिनीवर उडणारे वेगळे, आणि रात्रभर पाऊस पडला की सगळी गणितं फिरतात.

दिवसभराचा खरा कार्यक्रम: तीन जागा आणि तुमचे पाय

दोन रेसमध्ये पस्तीस-चाळीस मिनिटं असतात. बहुतेक लोक ती बारच्या रांगेत घालवतात. तुम्ही असं करा.

आधी प्री-परेड रिंग. तिथे घोडे शांतपणे फिरवतात, खोगीर चढवतात, गर्दी कमी असते. एक घोडा निवडा आणि त्याच्याकडेच बघत राहा. कान पुढे आहेत का, चाल मोकळी आहे का, मानेवर घाम फेसाळलाय का, सांभाळणाऱ्या मुलीशी तो कसा वागतोय. ही मुलं-मुली त्या घोड्याबरोबर रोज पहाटेपासून असतात आणि घोडा जिंकला की रडतात, हरला पण सुखरूप आला तरी त्याच्या गळ्यात हात टाकतात. माझ्यासाठी चेल्टनहॅम म्हणजे ही माणसं.

मग मुख्य परेड रिंग, म्हणजे आपण ज्याला पॅडॉक म्हणतो. भोवती पायऱ्या आहेत, त्यामुळे मागे उभं राहिलं तरी दिसतं. जॉकी येतात, मालक आणि ट्रेनरशी दोन शब्द, घंटा वाजते, जॉकी वर चढतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आरडाओरडा करू देऊ नका आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवा, घोडे बिथरतात. घोडे ट्रॅककडे निघाले की तुम्हीही निघा, रेंगाळू नका.

तिसरी जागा रेलिंग. एक रेस तरी शेवटच्या फेन्सच्या जितकं जवळ जाता येईल तिथून बघा. आधी काही दिसत नाही, मोठ्या स्क्रीनवर लक्ष ठेवावं लागतं, मग जमीन हलल्यासारखी वाटते, मग एकदम सगळे घोडे, बर्चवर पोटं घासल्याचा सपकन आवाज, जॉकींचं एकमेकांवर ओरडणं, आणि तीस-चाळीस सेकंदांत काही नाही. हा आवाज टीव्हीवर येत नाही. दुसरी एखादी रेस स्टँडच्या वरच्या पायऱ्यांवरून बघा, म्हणजे पूर्ण ट्रॅक डोंगरासकट दिसतो आणि कोण कुठून पुढे आलं ते समजतं. दोन्ही जागांवरून बघितल्याशिवाय परत येऊ नका.

रेस संपली की पुन्हा धावत पॅडॉककडे, कारण जिंकलेला घोडा लोकांच्या समोरून चालत तिथेच येतो आणि पायऱ्यांवरचे लोक टाळ्या वाजवून त्याचं स्वागत करतात. तो तुम्ही लावलेला घोडा नसला तरी टाळ्या वाजवा, इथे सगळेच वाजवतात. १८ मार्च २०२२ ला रेचल ब्लॅकमोर अ प्लस टारवर गोल्ड कप जिंकून आली, गोल्ड कप जिंकणारी पहिली महिला जॉकी, त्याआधी २०२१ मध्ये हनीसकलवर चॅम्पियन हर्डल जिंकणारीही तीच पहिली. उड्यांच्या रेसमध्ये बायका पुरुषांबरोबर त्याच रेसमध्ये, त्याच नियमांनी उतरतात, आपल्या मुलींना हे दाखवायलाच हवं.

अशा तीन जागांच्या चकरा दिवसभर. पाय दुखतील. मध्ये एखादी रेस सोडून सेंटॉर नावाच्या मोठ्या हॉलमध्ये गरम व्हायला जाऊन बसा, तिथे स्क्रीनवर रेस दिसते.

पैसे लावायचे असतील तर

सक्ती नाही, आणि न लावताही दिवस पूर्ण होतो. लावायचे असतील तर घरातून निघतानाच रक्कम ठरवा, ती गेली असंच धरा, संपली की बंद, एटीएमकडे जायचं नाही. अठरा वर्षं पूर्ण असायला हवीत.

बुकी रांगेने उभे असतात, प्रत्येकाच्या बोर्डावर घोड्यांची नावं आणि ऑड्स. भाव प्रत्येकाकडे थोडा वेगळा असतो, दोन मिनिटं फिरून चांगला बघा. मग सांगायचं, दहा पौंड, नंबर चार, विन. तो छापील तिकीट देतो, ते जपून ठेवा. पाचास एक ऑड्स असेल आणि घोडा जिंकला तर दहा पौंडांवर पन्नास नफा आणि तुमचे दहा परत, एकूण साठ. थोडी रोख जवळ असू द्या, कार्ड बरेच जण घेतात पण सगळेच घेतील असं नाही.

ईच-वे म्हणजे एकाच घोड्यावर दोन बेट, एक जिंकण्याची आणि एक पहिल्या काहींमध्ये येण्याची, म्हणून पाच पौंड ईच-वे म्हटलं तर दहा पौंड जातात. आठ किंवा जास्त घोडे असतील तर साधारणपणे पहिले तीन धरतात आणि प्लेससाठी ऑड्सचा पाचवा भाग मिळतो, सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये पहिले चार आणि चौथा भाग. समजा दहास एकचा घोडा, पाच पौंड ईच-वे, तिसरा आला. विनचे पाच गेले, प्लेसवर दोनास एक म्हणजे दहा अधिक तुमचे पाच, हातात पंधरा. खिडकीवरच्या टोटवरही (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात ती पद्धत) लावता येतं, आणि बुकीसमोर बोलायला संकोच वाटणाऱ्यांना ते सोपं जातं.

जिंकलात तर लगेच पळू नका. रेसनंतर जॉकींचं वजन पुन्हा होतं आणि ‘वेड इन’ (वजन झालं) अशी घोषणा झाल्यावरच पैसे मिळतात. त्याआधी चौकशी लागली तर निकाल बदलू शकतो.

घोडे पडतात, हे माहीत असू द्या

हे न सांगता कोणाला चेल्टनहॅमला पाठवणं बरोबर नाही. उड्यांच्या रेसमध्ये घोडे पडतात, बहुतेक लगेच उठून जॉकीशिवाय पळत सुटतात, काही दम घ्यायला पडून राहतात आणि थोड्या वेळाने उठतात, आणि कधीकधी एखादा उठत नाही. डॉक्टर आणि व्हेट गाडीतून घोड्यांच्या मागोमाग धावत असतात, आणि जखमी घोड्याभोवती हिरवे पडदे लावतात. पडदा दिसला म्हणजे घोडा गेलाच असं नाही, उपचारही त्याच्या आडच करतात. बरोबर मुलं असतील तर आदल्या दिवशीच त्यांना हे साध्या शब्दांत सांगून ठेवा.

सुधारणा होतायत आणि त्या व्हायलाच हव्यात. फेन्स आणि हर्डलच्या कडा पूर्वी नारिंगी असायच्या, घोड्याला तो रंग नीट दिसत नाही असं अभ्यासातून कळल्यावर त्या पांढऱ्या केल्या. चाबकाचे नियम २०२३ पासून कडक झाले, उड्यांच्या रेसमध्ये जास्तीत जास्त सात वेळा, आणि मर्यादेपेक्षा चार किंवा जास्त फटके झाले तर घोडाच बाद. तरी धोका शून्य होत नाही. मी हा खेळ प्रेमाने बघतो, आणि घोडा पडला की माझ्या पोटात गोळा येतो, दोन्ही खरं आहे. ज्यांना हे सहन होणार नाही त्यांनी गेलं नाही तर त्यात काहीच चूक नाही.

खाणंपिणं

आत सगळं मिळतं आणि सगळं महाग. चिप्स, पाय, बर्गर, गिनेस तर नदीसारखी. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही पण पर्याय थोडेच. त्यामुळे सकाळी भरपेट नाश्ता करून निघा. गाडीने जाणाऱ्यांनी इथली एक छान पद्धत उचलावी, लोक कार पार्कमध्ये डिकी उघडून तिथेच पिकनिक मांडतात. धपाटे, चटणी, थर्मासमध्ये चहा, पहिल्या रेसच्या आधी तासभर मस्त जातो, आणि शेजारच्या गाडीवाल्याला एक धपाटा दिलात तर संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या रेसच्या टिप्स फुकट मिळतात. त्या टिप्सवर पैसे लावायलाच हवेत असं नाही.

फेस्टिवललाच जायचं असेल तर

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जा, आणि मंगळवार निवडा. पहिल्या रेसची टेप सुटते त्या क्षणी हजारो लोक एकदम जी आरोळी ठोकतात तिला चेल्टनहॅम रोअर म्हणतात, वर्षभर वाट बघितलेली असते ना. २०२५ पासून ही पहिली रेस एक वाजून वीस मिनिटांनी असते, तोपर्यंत स्टँडवर जागा पकडलेली असायला हवी. शुक्रवारी गर्दी सगळ्यात जास्त. आयर्लंडहून प्रचंड लोक येतात, त्यांचे घोडेही येतात आणि गेली काही वर्षं जिंकूनही जातात, विली मलिन्स या एकट्या आयरिश ट्रेनरने २०२४ मध्ये फेस्टिवलमधल्या शंभर विजयांचा टप्पा पार केला. आयरिश लोकांच्या शेजारी उभे राहा. घोड्यांबद्दल विचारलं की ते मनापासून सांगतात, आणि आपल्यासारखंच त्यांनाही बोलायला आवडतं.

परत निघताना

शेवटच्या रेसनंतर सगळे एकदम निघतात आणि शटलच्या रांगा लांबलचक होतात. ट्रेन आरक्षित असेल तर शेवटची रेस सोडून निघालेलं बरं, शेवटची रेस बघायचीच असेल तर ट्रेन किमान दोन तासांनंतरची घ्या, आणि चालत गावात या, माँटपेलियरच्या बाजूला जुन्या सुंदर इमारती आहेत, जेवायला जागा भरपूर, फेस्टिवल सोडून इतर दिवशी टेबल सहज मिळतं. बुकीचं जिंकलेलं तिकीट खिशात राहिलं असेल तर ते निघायच्या आधीच वटवून घ्या.